अवघड जागेचा स्क्रू

स्क्रू उडाला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, एवढी एकच गोष्ट त्या दुपारी घड्याळजीच्या मनासारखी झाली.

मनगटी घड्याळातला स्क्रू केवढा असतो, हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. मुंगीनं डोक्यावर घेतला तर तिला ओझं वाटू नये, एवढा. चिमट्याची पकड जरा वाकडी झाली की तो टुणकन उडतो आणि कुठे जातो ते देवालाही ठाऊक नसतं. म्हणून घड्याळजी लोक मेजाच्या कडेला एक कापड अडकवतात आणि त्याचं दुसरं टोक स्वतःच्या गळ्यात बांधतात. उडालेली वस्तू त्या झोळीत पडते. आपल्या घड्याळजीनं त्या दिवशी ते बांधलं नव्हतं. नुकताच डबा खाऊन झाला होता, आणि जेवणानंतर पँटचं वरचं बटण सैल करून बसायची त्याची जुनी सवय. त्यात वरून कापडाचा फास नको म्हणून त्यानं ते खुंटीवरच राहू दिलं होतं.

स्क्रू उडाला की हलायचं नाही, हा धंद्याचा पहिला नियम. तो त्याला त्याच्या काकांनी कान पिळून शिकवला होता. आधी मांडी बघायची, मग मेज, मग अंगावरचे कपडे, आणि सगळ्यात शेवटी जमिनीवर लोहचुंबक फिरवायचं. मांडीवर स्क्रू नव्हता, मेजावर नव्हता. राहता राहिलं ते सैल केलेलं बटण.

त्यानं शटर अर्धं ओढलं, दिवा उचलला आणि मागच्या पडद्याआड गेला. पांढऱ्या कागदावर पँट झटकली. मग आतला कपडा झटकला. कागद कोराच राहिला. शेवटी त्यानं डोळ्याला भिंग लावलं, पोट एका हातानं वर धरलं, दिवा खाली घेतला आणि स्वतःचीच झडती सुरू केली. आणि तिथे, ऐन अवघड जागी, गोल, काळा, चकाकणारा स्क्रू त्याला दिसला.

"सापडलास लेका," असं म्हणून त्यानं चिमट्यानं तो अचूक पकडला आणि ओढला. स्क्रू आला नाही. घामानं चिकटला असेल म्हणून त्यानं पकड घट्ट केली आणि जरा पिळून ओढला. त्यानंतर जे झालं त्याला आपल्याकडे तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. तरीही थोडा आवाज बाहेर पडलाच.

"काय झालं हो?" फळीच्या पलीकडून किल्लीवाल्यानं विचारलं. त्याची टपरी दुकानाला लागूनच होती आणि कानस घासता घासता तो गल्लीतलं सगळं ऐकत असे.

"काही नाही. स्क्रू उडाला."

"सापडला का?"

"नाही," घड्याळजी म्हणाला, आणि ते अक्षरशः खरं होतं.

तो तीळ होता. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला स्वतःच्या अंगावरचा तीळ अचानक कसा दिसला, याचं उत्तर पोटात होतं. पोट सुटल्यापासून त्या भागाशी त्याचा संबंध अंदाजानंच उरला होता. आता भिंगातून तो तीळ एखाद्या विहिरीसारखा काळाशार दिसत होता. गिऱ्हाईक भिंगातून आपल्या घड्याळाकडे बघायला लागलं की हाच माणूस त्याला म्हणायचा, "नका बघू, भिंगाखाली नवं घड्याळसुद्धा भंगार दिसतं." तो शहाणपणा त्याला त्या वेळी आठवला नाही. त्याला काकांची टाच आठवली.

काकांच्या टाचेवर असाच काळा ठिपका होता. तो पसरायला लागला तेव्हा सगळे म्हणाले, डॉक्टरला दाखवा. काका म्हणाले, "हातातलं काम होऊ दे, परवा जातो." तो परवा काही आला नाही. टाचेवरून ते दुखणं जांघेत गेलं, जांघेतून पोटात, आणि काका शेवटी एवढेसे होऊन गेले की उचलणाऱ्यांना कुणी आत आहे का अशी शंका यावी. त्यांचं दुकान आणि त्यांचा "परवा" दोन्ही पुतण्याकडे वारशानं आली. घड्याळ कधी मिळेल असं कुणीही विचारलं की पुतण्या मान वर न करता म्हणायचा, "परवा या." लोक परवा येत, मग त्याच्या परवा येत. तोंडावर त्याला घड्याळजी म्हणत आणि पाठीमागे नुसतं "परवा" म्हणत.

तेव्हा तीळ म्हणजे काय होऊ शकतं, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्याची पाचावर धारण बसली. डॉक्टरकडे जायला हवं हेही कळत होतं, पण गावात कातडीच्या डॉक्टर एकच, आणि उडालेला स्क्रू त्यांच्याच घड्याळातला होता.

डॉक्टरबाईंचं ते घड्याळ त्यांच्या वडिलांचं. वडील गेले आणि घड्याळ थांबलं. ते चालू करून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. किती महिने त्या येत होत्या आणि किती परवा त्यांनी ऐकून घेतले होते, याचा हिशेब घड्याळजीनं मुद्दाम ठेवला नव्हता. त्या आवाज चढवत नसत. "बरं," म्हणून निघून जात, आणि तेच त्याला जास्त टोचायचं. अखेर त्या दुपारी त्याला पाझर फुटला, त्यानं ते घड्याळ उघडलं, आणि पहिलाच स्क्रू उडवला. ज्या कारखान्यानं ते घड्याळ बनवलं तो कधीच बंद पडलेला. त्या मापाचा स्क्रू विकत मिळण्यासारखा नव्हता.

अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, अशी म्हण आहे. घड्याळजीला मुलगी नव्हती, त्यामुळे जावयाची अडचण नव्हती. पण त्यापेक्षा जावई परवडला असता, असं त्याला वाटलं. जावयाचं घड्याळ तरी आपण बिघडवलेलं नसतं.

मग त्यानं जे केलं ते घड्याळजीच करू जाणे. तबकडीवर गंजाचा काळा ठिपका पडला तर तो काढायला त्याच्याकडे एक औषध होतं. काडीला कापूस गुंडाळायचा, औषधात बुडवायचा, ठिपक्यावर हलकेच फिरवायचा, ठिपका जातो आणि तबकडी राहते. इतकी वर्षं त्याचा हात त्यात बसलेला. तीळ म्हणजे तरी दुसरं काय, असं म्हणून त्यानं पडद्याआड जाऊन कापूस फिरवला. ठिपका गेला नाही. तबकडी मात्र अशी पेटली की तो दोन्ही हातांनी मेज धरून उभा राहिला आणि काकांपासून मागच्या सगळ्या पिढ्यांची नावं त्याला एका दमात आठवली.

घरी तो पाय फाकवून चालत आला. बायकोला सांगितलं, स्टुलावरून घसरलो. तिनं शेकायला गरम पाण्याची पिशवी आणून दिली, आणि ती त्यानं नको म्हटल्यावर तिच्या कपाळाला पहिली आठी पडली. दुसरी पडली ती मोरीत. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं कधी रुमाल धुतला नव्हता, आणि आज तो आपली चड्डी दार लावून धूत होता.

ती दाराशीच उभी राहिली. तो बाहेर आल्यावर म्हणाली, "कुठे गेला होतात?"

"कुठे म्हणजे?"

"काय विचारतेय ते कळतंय तुम्हाला."

त्याला कळायला क्षणभर लागला आणि कळल्यावर दुखण्यापेक्षा अपमानच जास्त झोंबला. दुकान आणि घर सोडून आपण आयुष्यात कुठे गेलो नाही, हे त्यानं बरंच रागावून सांगितलं. ती म्हणाली, तेच म्हणतेय, मग दुकानात काय करून बसलात. तेव्हा मात्र त्याचा बांध फुटला. ओल्या चड्डीसकट तो खुर्चीच्या कडेवर जेमतेम टेकला आणि त्यानं तिला स्क्रूपासून कापसापर्यंत सगळं सांगून टाकलं. काकांची टाचही सांगितली. मला भीती वाटते, असं तो तिला लग्नानंतर पहिल्यांदा म्हणाला.

ती त्याच्यासमोर बसली. मग म्हणाली, "औषध कसलं लावलंत?"

"गंज काढायचं."

"गंज तिथे नव्हता, डोक्यात होता. तिकडे लावायचं होतं," ती म्हणाली, आणि डोळे पुसून उठली. "उद्या दवाखान्यात जायचं."

"अगं, पण त्यांचं घड्याळ—"

"घड्याळ गेलं खड्ड्यात. तुम्ही जाऊ नका म्हणजे झालं."

डॉक्टरबाईंनी त्याला दारात बघताच चष्मा वर केला. "अरे वा. घड्याळ आणलंत?"

"ते परवा," घड्याळजीच्या जिभेनं सवयीनं उत्तर देऊन टाकलं. मग तो खाली बघून म्हणाला, "आज दुसरंच दाखवायला आणलंय."

दुखणं कुठे आहे ते बायकोनं सांगितलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, पुरुष डॉक्टर हवे असतील तर मोठ्या इस्पितळात चिठ्ठी देते, संकोच करू नका. त्याचा चेहरा उजळला. पण बायको लगेच म्हणाली, "तुम्हीच बघा. तिकडे पाठवलंत तर हे परवा जातील."

तो पडद्यामागे टेबलावर छताकडे बघत पडून राहिला. डॉक्टरबाईंनी हातमोजे घातले आणि दिव्याचं एक छोटं भिंग काढलं. कातडीला टेकवलं की आतपर्यंत उजेड जाईल असं. त्या तशा स्थितीतही घड्याळजीची नजर त्या भिंगावर गेली आणि असलं आपल्याकडे असतं तर, असं त्याच्या मनात येऊन गेलं. भाजलेलं बघून त्यांनी काय लावलं ते विचारलं. त्यानं सांगितलं. त्यांनी नाकानं एक लांब श्वास घेतला.

"हा तीळ कधीपासून आहे?"

"नवीनच आहे," तो छताला म्हणाला. "परवापरवाच आला."

"लग्नापासून आहे," बायको म्हणाली.

त्यानं मान वळवून तिच्याकडे बघितलं. "तू कधी बोलली नाहीस."

"तुमचाच आहे. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल."

डॉक्टरबाईंनी खाली बघून भिंग पुसलं. मग त्या त्याला सोडून तिच्याकडेच वळल्या. पहिल्यासारखाच आहे की काही फरक पडलाय, असं त्यांनी विचारलं. बायकोनं लाजायचं सोडून दिलं होतं. ती आठवून आठवून सांगायला लागली, "आधी चहासारखा रंग होता. गोल, नीट. गेल्या वर्षापासून काळा पडत गेला. आणि एका बाजूची कड जरा सांडल्यासारखी झालीय. मी म्हटलं, वय झालं की होत असेल. वय तर माझंही झालंय."

दिवा लावून, भिंग लावून घड्याळजीनं तो तीळ बघितला होता, पण कड सांडलीय हे त्याला दिसलं नव्हतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "बहुतेक पुरुषांना त्यांचं स्वतःचं काही सांगता येत नाही. बरं झालं तुम्ही आलात."

मग त्यांनी समजावून सांगितलं. या जागेवरचे तीळ बहुतेक साधे असतात, लोक ते घेऊन म्हातारे होतात. पण बदलणारा तीळ ठेवायचा नसतो. जागा बधिर करून तो काढायचा आणि तपासायला पाठवायचा. काढायला वेळ लागत नाही. मात्र तो आज काढता येणार नाही, कारण भाजलेल्या कातडीवर टाके धरत नाहीत, आणि तपासणाऱ्यालाही भाजलेलं कुठलं आणि बिघडलेलं कुठलं ते उमगत नाही. आधी मलम लावून जागा भरू द्यायची, मग हात लावायचा. म्हणजे हात दाखवून अवलक्षण, ते हे. जी भीती एका दुपारी संपली असती ती त्यानं स्वतःच्या हातानं लांबवून घेतली होती.

"कॅन्सर आहे का?" त्यानं शेवटी विचारलं.

"नसावा," त्या म्हणाल्या. "पण नसावा एवढ्यावर मी कुणाला घरी पाठवत नाही."

जागा भरल्यावर त्यांनी तीळ काढला. इंजेक्शनची सुई जाताना त्याला मागच्या पिढ्या पुन्हा एकदा आठवल्या. नंतर काही कळलं नाही. तो मान उचलून डॉक्टरबाईंचे हात बघत राहिला. चिमटा अंगठ्यात आणि दोन बोटांत धरलेला, मनगट टेकलेलं, कोपर हलत नाही. ही बाई घड्याळं दुरुस्त करू शकली असती, असं त्याला वाटलं आणि त्या विचारानं थोडा धीर आला. शेवटचा टाका झाल्यावर त्यानं निघालेली वस्तू बघायला मागितली. छोट्या बाटलीत, पाण्यासारख्या औषधात, कातडीच्या तुकड्यावर एवढासा काळा ठिपका दिसत होता. खरोखर स्क्रूएवढाच होता.

"रिपोर्ट कधी मिळेल?"

"परवा या," डॉक्टरबाई टाक्यांवर पट्टी लावता लावता म्हणाल्या, आणि म्हटल्यावर त्यांचा हात थांबला. बायको खिडकीबाहेर बघायला लागली. घड्याळजी म्हणाला, "बरं."

परवा तो गेला. रिपोर्ट आलेला नव्हता. तपासणाऱ्यांना शंका वाटली म्हणून त्यांनी नमुना मोठ्या प्रयोगशाळेत आणखी एकाला बघायला पाठवला होता. शंका कसली, हे कुणी सांगेना. "परवा एकदा चौकशी करा," एवढंच उत्तर मिळालं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना, टाके सांभाळत, त्याला आपल्या दुकानातून परत जाणारी माणसं आठवली. तीही अशीच काही न बोलता पायरी उतरायची.

दुकानात येऊन त्यानं ड्रॉवर उघडला. आत किती लोकांचे परवा पडले होते. कुणाचं लग्नातलं घड्याळ, कुणाचं पहिल्या पगारातलं, कुणाचा गजर. त्यानं गळ्यात कापड बांधलं आणि वरचं घड्याळ उचललं. मग त्याखालचं. हात रिकामा राहिला की मन काकांच्या टाचेकडे धावायचं, म्हणून त्यानं हात रिकामा ठेवलाच नाही.

पहिल्यांदा आले ते निवृत्त मुख्याध्यापक. ते दर आठवड्याला येत, भांडत, छत्री आपटत आणि परवाचा शब्द घेऊन घरी जात. निवृत्तीनंतर तेवढाच एक तास त्यांच्याकडे उरला होता. त्यांनी छत्री आपटायला उचलली आणि घड्याळजीनं त्यांचं घड्याळ पुसून त्यांच्या हातात ठेवलं.

"हे काय?"

"झालं."

मुख्याध्यापक स्टुलावर बसले. घड्याळ कानाला लावलं, पुन्हा खाली घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. हळू आवाजात ते म्हणाले, "तब्येत बरी आहे ना?"

संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी फिरली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांना घड्याळं मिळाली तेव्हा शंकेला जागा उरली नाही. "परवा" घड्याळं वेळेवर द्यायला लागला म्हणजे "परवा" चालला, असं सगळ्यांचं एकमत झालं. लोक घड्याळ घेताना त्याचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवायला लागले. एकानं तर, माझं राहू दे, मला घाई नाही, असं म्हणून पळ काढला. किल्लीवाला कानस बाजूला ठेवून आला आणि म्हणाला, "शटरची एक किल्ली माझ्याकडे असू द्या. म्हणजे पुढे वहिनींना धावपळ नको." घड्याळजीनं त्याच्याकडे नुसतं बघितलं. किल्लीवाला म्हणाला, मी आपलं सहज म्हटलं.

दुखणं कुठे आहे हे बायको कुणाला सांगेना. सांगण्यासारखी जागाच नव्हती. पण ती सांगत नाही म्हटल्यावर लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे जागा ठरवली. कुणी काळीज म्हटलं, कुणी यकृत, आणि मागच्या आळीत तर ते मेंदूपर्यंत चढलं. घरी बायका भेटायला आल्या. घड्याळजी आतल्या खोलीत टाक्यांना वारा घालत पडला होता आणि त्याला सगळं ऐकू येत होतं.

"फार भला माणूस होता हो," एक म्हातारी म्हणाली.

"आहेत," बायको म्हणाली.

"हो हो, आहेत. म्हणजे आहेत तोवर आहेतच."

तो आत हसायला लागला, आणि हसता हसता त्याला रडू आलं, आणि दोन्हींनी टाके ओढले गेले म्हणून तो गप्प झाला.

ड्रॉवरमध्ये शेवटी एकच घड्याळ उरलं. बायको डबा घेऊन आली तेव्हा तो त्या रिकाम्या होत आलेल्या ड्रॉवरकडे बघत बसला होता. ती डबा मेजावर ठेवत म्हणाली, "तेवढं एक राहू द्या ना."

ती असं का म्हणाली ते त्याला कळलं. त्यालाही तेच वाटत होतं. कुणाचं तरी काम अडलेलं असलं की माणसाला जाता येत नाही, असं काहीतरी वेडं त्याच्या मनात काकांच्या वेळेपासून बसलेलं होतं. काकांच्या मेजावरही एक उघडं घड्याळ राहिलं होतं, आणि काका तरीही गेले होते.

"नको," तो म्हणाला. "त्यांच्या वडिलांचं आहे."

जमिनीवर चुंबक फिरवूनही मूळचा स्क्रू सापडला नव्हता आणि नवा विकत मिळत नव्हता, म्हणून त्यानं तो स्वतः करायला घेतला. छोट्या लेथवर, केसाएवढ्या तारेतून. पहिला तुटला. दुसरा जाड झाला. तिसऱ्याला आटे पडले आणि डोकं पडलं नाही. शेवटी एक नीट झाला आणि जागेवर बसला. त्यानं घड्याळाला किल्ली दिली. काटा जरा थरथरला आणि चालायला लागला. त्याला आनंद झाला नाही, फक्त भूक लागली.

रिपोर्टसाठी दोघं गेली तेव्हा घड्याळ त्याच्या खिशात होतं. डॉक्टरबाईंनी पाकीट आधीच वाचलेलं दिसत होतं. बसा म्हणायच्या आधीच त्या बोलल्या, "कॅन्सर नाही."

बायकोनं त्याचा दंड धरला. डॉक्टरबाई पुढे सांगत राहिल्या. पेशी बिघडायला लागल्या होत्या. तसाच ठेवला असता तर पुढे त्याचं काय झालं असतं ते त्यांना आज सांगता येत नाही, आणि आता सांगायची गरजही नाही, कारण तो कडेसकट पूर्ण निघाला आहे. औषध नको, दुसरं काही नको. फक्त काही महिन्यांनी अंगावरचे बाकीचे तीळ दाखवायला यायचं, आणि ते यांनी एकट्यानं यायचं नाही, बघणारं माणूस बरोबर आणायचं.

घड्याळजीनं खिशातून घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. मग जमेल तसं सांगितलं, "यातला एक स्क्रू मूळचा नाही. मूळचा मी हरवला. हा मी केलाय."

डॉक्टरबाईंनी घड्याळ उचलून कानाशी नेलं. त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. बाहेर पुढचा पेशंट खोकला तेव्हा त्या भानावर आल्या.

"चालतंय," त्या म्हणाल्या.

"चालतंय. पण जुनं आहे. मधूनमधून दाखवायला आणा."

"तुमचंही तसंच आहे," त्या म्हणाल्या, आणि घड्याळ मनगटाला बांधून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

दवाखान्यातून दोघं थेट दुकानात आली. गल्लीनं त्यांना येताना बघितलं आणि गल्ली गप्प झाली. घड्याळजीचे डोळे लाल होते, बायकोचेही लाल होते, आणि लोकांनी त्यावरून घ्यायचा तो अर्थ घेतला. किल्लीवाल्यानं कानस खाली ठेवली. बायको गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली.

तेवढ्यात मुख्याध्यापक आले. घड्याळ मिळाल्यापासून त्यांना यायला निमित्त उरलं नव्हतं. म्हणून त्यांनी घरातलं गजराचं घड्याळ आणलं होतं. ते म्हणाले, वाजतच नाही हो, आणि घड्याळापेक्षा घड्याळजीकडेच बघत राहिले. घड्याळजीनं भिंग लावलं आणि मागचं झाकण काढलं. फार काही नव्हतं. तेलाचा एक थेंब आणि एक पत्ती जरा वाकवायची. मुख्याध्यापक उभे असतानाच झालं असतं.

"कधी मिळेल?" मुख्याध्यापकांनी विचारलं, आणि विचारल्याबद्दल त्यांना स्वतःलाच वाईट वाटलेलं दिसलं.

घड्याळजीनं झाकण लावलं. भिंग काढून ठेवलं. पँटचं वरचं बटण सैल केलं.

"परवा या," तो म्हणाला.

बायकोनं दोन्ही हात तोंडावर दाबले. तिचे खांदे हलायला लागले, आणि ती हसतेय की रडतेय ते कुणाला कळलं नाही. किल्लीवाला टपरीतून अर्धा बाहेर आला. मुख्याध्यापकांनी या दोन शब्दांवर आयुष्यातला बराच संताप खर्च केला होता. आज त्यांनी छत्री काखेत घेतली, दोनदा खाकरले आणि म्हणाले, "परवा म्हणजे नक्की परवा ना?"

"नक्की."

"नाही, माझी काही घाई नाही," मुख्याध्यापक म्हणाले. "मी येत जाईन."

ते गेल्यावर घड्याळजीनं रिकामा ड्रॉवर ओढला, गजराचं घड्याळ अगदी तळाशी ठेवलं आणि ड्रॉवर लावून घेतला.